माफीला पडलेल्या टाळ्या

चंद्रपूरच्या नव्या कलादालनात गुणाबाईला पहिल्या रांगेत बसवलं आणि ती बसल्या बसल्या अवघडली. गावात नाटक लागलं तरी ती मागे, बायकांच्या घोळक्यात, खाली अंथरलेल्या बोऱ्यावर बसायची. तिथून मनात आलं की उठून जाता येतं. इथे खुर्चीला पांढरं कापड घालून मागे लाल फितीची गाठ मारलेली, समोर माईक, बाजूला कॅमेरा, आणि पाठीमागे सगळं शिकलेलं चंद्रपूर. उठायची सोय नव्हती.

एका बाजूला तिची नात दिव्यानी, चौथीतली, आजीचा हात धरून बसलेली. दुसऱ्या बाजूला मुलगा निकेश. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, दोन्ही हात मांडीवर. पाहणाऱ्याला वाटावं, किती गरीब स्वभावाचा माणूस. गुणाबाईलाही तो गरीबच वाटायचा. आईचे डोळे अशा बाबतीत फारसे कामाचे नसतात.

कार्यक्रमाचा बेत असा होता. एका चित्रकार मॅडमनी खेड्यापाड्यांत फिरून जंगलात जाणाऱ्या बायकांची चित्रं काढली होती आणि ती इथे भिंतींवर टांगली होती. शहरातल्या कवी-लेखकांनी ती येऊन पाहायची, ज्याला जे भावेल त्यावर लिहायचं, आणि आज संध्याकाळी त्या चित्राशेजारी उभं राहून ते वाचून दाखवायचं. मॅडमनी चित्रातल्या बायकांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. पण कापूस वेचायचा सोडून कविता ऐकायला कोण येतो? आले ते गुणाबाईच्या घरचेच. तेही निकेशने हट्ट धरला म्हणून.

समोरच्या भिंतीवर सगळ्यांत मोठं चित्र होतं. मोहाचं झाड, पानं झडलेली. जमिनीवर पिवळसर फुलांचा सडा. टोपली घेऊन वाकलेली एक बाई, पाठमोरी. आणि तिच्या डोक्यावरच्या फांदीला टांगलेला पिवळा भोंगा, शेतात रानडुकरं हाकलायला लावतात तो. आपला आवाज त्यात भरून ठेवायचा, मग रात्रभर तो आपल्या वतीने ओरडत राहतो. चित्राखाली पाटी होती, ‘राखण’.

ती वाकलेली बाई म्हणजे साधना. गुणाबाईची सून, निकेशची बायको, दिव्यानीची आई.

साधना गेली त्याला आता दोन मोहाचे हंगाम उलटले होते. मोह पडायला लागला की बायका दिवस उगवायच्या आधी आपापल्या झाडाखाली जातात. कोणतं झाड कोणाच्या घरचं हे आज्या-पणज्यांपासून ठरलेलं असतं. पण वाघाने आजूबाजूच्या गावांत माणसं मारायला सुरुवात केल्यापासून गावाने एक नेम केला. बायकांच्या टोळीबरोबर एका गड्याने जायचं, पाळीपाळीने. त्याने तेलाचा रिकामा डबा वाजवत आणि आरोळ्या ठोकत झाडांमधून फिरायचं. डबा वाजतोय तोवर बायकांनी बिनघोर वेचायचं. डबा थांबला की टोपली उचलून रस्त्यावर यायचं. यात शिकण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी पाळी निकेशची होती. निकेशने काय केलं? शेतातला भोंगा काढून आणला, त्यात डब्याचा आणि स्वतःच्या आरोळ्यांचा आवाज भरला, तो साधनाच्या झाडाला टांगला आणि स्वतः तलावाच्या बांधावर जाऊन बसला. मोबाइलला रेंज तिथेच यायची, आणि त्याचा कसला तरी खेळ रंगात आला होता. भोंगा ओरडत राहिला. हो हो, हट् हट्, ठण ठण. बायकांनी निकेशचा आवाज ऐकला आणि त्या निवांत वेचत राहिल्या. वाघानेही तो ऐकला असणार. एकाच जागेवरून, एकाच सुरात ओरडणारा माणूस हा माणूस नसतो, हे त्याला कळलं. बायकांना कळलं नाही.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या झाडाखालून गुणाबाई पहिली धावली. सून तिथे नव्हती. टोपली उलटी पडली होती, ओढत नेल्याची खूण झुडपांत गेली होती, आणि वर फांदीवरून तिचा मुलगा अजून ओरडत होता, हो हो, हट् हट्.

दुपारी साधनाचे भाऊ सिंदेवाहीकडून आले. हातात काठ्या होत्या. “पाळी कोनाची होती? कुठी होता तो?” निकेश गोठ्याच्या मागे लपून उभा होता. पाहिलं असतं तर भावांनी त्याला तिथेच तोडला असता, आणि गावातल्या कोणी हात धरला नसता.

गुणाबाई पुढे झाली आणि म्हणाली, “मीच पाठवलो त्याले घरी. माह्या बीपीच्या गोळ्या राह्यल्या होत्या. भोंगा मीच टांगलो.”

म्हाताऱ्या बाईवर काठी कोण उगारणार? भाऊ रडले, तिच्या पायापुढे थुंकले आणि बहिणीला पोचवायला गेले. बाकीच्या बायका आपापल्या झाडांखाली पांगलेल्या होत्या. कोणी काही पाहिलं नव्हतं. गावाने गुणाबाईचं ऐकलं आणि गुणाबाईला दोष दिला. तिने तो पदरात घेतला. मुलगा जिवंत राहिला ना, मग झालं, असं तिला वाटलं.

सुरुवातीला निकेश तिचे पाय धरून रडायचा. “मायं, तू मले वाचवलंस.” काही महिने त्याने मान वर केली नाही. मग हळूहळू केली. पुढे एक दिवस पानठेल्यावर तंबाखूचा खर्रा घोटून घेताना तो कोणाला तरी सांगत होता, “मायनं घरी पाठवलं नसतं तं...” आई येताना दिसली तसा त्याने आवाज खाली घेतला. नंतर नंतर तो आवाज खाली घेईनासा झाला. गुणाबाईने मनाची समजूत घातली. लोकांसमोर बोलावं लागतं पोराला. आत त्याला ठाऊक आहे ना? खरं काय ते जगात दोघांना ठाऊक होतं, आणि त्या दुसऱ्याच्या भरवशावर तिने गावाचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

एक गोष्ट मात्र गावाने पाळली होती. दिव्यानीच्या कानावर यातलं काही जाऊ दिलं नव्हतं. आईला वाघाने नेलं, एवढंच तिला माहीत. त्या पोरीला आई नव्हती, आजी होती. वेणी आजीने घालायची, ताप आला की आजीने उशाशी बसायचं, शाळेत काय झालं ते आजीलाच सांगायचं. आणि गुणाबाईजवळ तरी दुसरं काय उरलं होतं?

चित्रकार मॅडम गावात आल्या तेव्हा गुणाबाईने त्यांना तीच गोळ्यांची गोष्ट सांगितली, कारण निकेश समोर बसला होता. पण त्याहून जास्त तिने साधनाबद्दल सांगितलं. साधना किती बोलायची. वेचता वेचता, जेवता जेवता, एकटी असली तर कोंबड्यांशी. सासूची नक्कल करायची ती सासूसमोरच. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली आणि ती पाळण्यात बसली की खालच्या लोकांना नावानिशी हाका मारायची. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं होतं, मान डोलावली होती, हसल्याही होत्या. त्यातलं आज इथे कोणीतरी वाचेल, साधना पुन्हा एकदा ऐकायला मिळेल, एवढ्यासाठी गुणाबाई त्या पांढऱ्या खुर्चीवर बसली होती.

कार्यक्रम सुरू झाला. दीप लागला, पुष्पगुच्छ वाटून झाले. आधी एका निवृत्त इंजिनियर साहेबांनी गझल वाचली. तिच्यात वाघाचे डोळे होते आणि प्रेयसीचे डोळे होते, आणि शेवटी ते एकच निघाले. वाहवा झाली. मग एका तरुण कवयित्रीने कविता वाचली. ‘मी जंगल आहे’ असं ती दर दोन ओळींनी म्हणत होती आणि दर वेळी डोळे मिटत होती. टाळ्या तिलाही पडल्या. जंगलापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही.

“या बाईले काय झालं, आजी?” दिव्यानीने कानात विचारलं.

“कविता झाली,” गुणाबाई म्हणाली. दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या.

मग प्रवीण सर उठले. कॉलेजात मराठी शिकवायचे, नाव होतं त्यांचं. खादीचा झब्बा, चष्मा दोरीला. ते साधनाच्या चित्राशेजारी जाऊन उभे राहिले आणि गुणाबाई सावरून बसली.

“या चित्रात मला जी दिसत नाही, तिची ही कथा आहे,” सर म्हणाले.

कथेत एक म्हातारी होती. तिला सून डोळ्यांसमोर नको असायची. सून मुकी नव्हती, पण बोलत नव्हती. राबायची आणि पदराने डोळे पुसायची. गुणाबाईला वाटलं, ही दुसऱ्याच कोणाची गोष्ट दिसते. साधना कधी गप्प बसली होती? मग कथेत मोहाचं झाड आलं. दिवस उगवायचा होता. मुलगा म्हणाला, आई, पाळी माझी आहे, मी इथेच थांबतो. म्हातारी म्हणाली, तू घरी जा बाळा, थंडी आहे, गरम चहा घे. मग तिने पिशवीतून भोंगा काढला, फांदीला टांगला, वाकलेल्या सुनेकडे पाहिलं आणि पुटपुटली, हिच्यासाठी यंत्र पुरे.

हे वाक्य प्रवीण सरांनी थांबून, आवाज खाली घेऊन वाचलं. सभागृहात एक उसासा फिरला. कोणीतरी ‘बाप रे’ म्हणालं.

गावाने गुणाबाईला म्हातारचळ लागलेली म्हटलं होतं, निष्काळजी म्हटलं होतं. जाणूनबुजून सून मारणारी असं कोणी म्हटलं नव्हतं. ते इथे चंद्रपुरात, चांगल्या भाषेत, माईकवरून म्हटलं जात होतं. सरांना तिच्याशी काही वैर नव्हतं. कथेला एक वाईट माणूस हवा होता आणि म्हातारी आयती सापडली.

“आजी, हे आईचं हाय?” दिव्यानीने विचारलं.

“गोष्ट हाय वं. गोष्टीत कायबी लिहितेत.”

“पन भोंगा तं चित्रात हाय.”

गुणाबाईने निकेशकडे पाहिलं. तो ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले होते. आपल्या मुलाला वाईट वाटतंय, आईवर हा आळ आलेला त्याला सहन होत नाही, असं तिला क्षणभर वाटलं आणि तिला तेवढ्यानेही बरं वाटलं.

कथा संपली. टाळ्या थांबता थांबेनात. प्रवीण सरांनी हात वर करून त्या थांबवल्या आणि म्हणाले, “मित्रांनो, माझ्या कथेतला मुलगा कल्पनेतला नाही. तो आज इथे बसला आहे. निकेशभाऊ, या. दोन शब्द बोला.”

निकेश उठला. गुणाबाईला वाटलं, आता बोलेल. इथे साधनाचे भाऊ नाहीत, काठ्या नाहीत, गाव नाही. सगळं खरं सांग असं तिचं म्हणणंच नव्हतं. गोष्टीतली म्हातारी माझी माय नाही, माझी माय तशी नव्हती, एवढं म्हण. तेवढ्यावर ती उरलेलं आयुष्य काढायला तयार होती.

निकेशने माईक दोन्ही हातांनी धरला.

“सरनं लिहिलं ते आयकून मले भरून आलं,” तो म्हणाला. “माही बायको चांगली होती. मी त्या दिवशी थांबलो असतो तं आज ते असती. पन मायनं सांगतलं घरी जा, मी गेलो. मायचं आयकावं लागते ना जी.” तो थांबला. नाक ओढलं. “दोन वर्सं मी मायले एक शबूद बोललो नाई. म्हातारी हाय, तिच्या हातून झालं. आज सर्वाइसमोर सांगतो. मी माफ केलो मायले.”

लोक उभे राहिले. खुर्च्या सरकल्या, टाळ्यांनी छत दणाणलं. प्रवीण सरांनी निकेशला मिठी मारली आणि चष्मा काढून डोळे पुसले. गझलवाले इंजिनियर म्हणाले, “केवढं मन!” चित्रकार मॅडम रडतच होत्या. कॅमेरा वळला आणि गुणाबाईच्या चेहऱ्यावर येऊन थांबला. जिला माफ केलं तिचं तोंड सगळ्यांना पाहायचं होतं.

“आजी, तुम्हीही काही बोला,” निवेदिकेने माईक तिच्या हनुवटीशी धरला.

गुणाबाईला राग आला. असा राग तिला साधना गेली तेव्हाही आला नव्हता. भोंगा त्यानं टांगला. एवढेच शब्द होते, आणि ते जिभेवर येऊन बसले होते. नऊ महिने पोटात वाढवलेल्याचं तोंड त्या माईकवरून फोडावं असं तिला वाटलं. मग तिने खाली पाहिलं. दिव्यानी तिच्याकडे पाहत होती, तोंड अर्धवट उघडं, नाही म्हण आजी, नाही म्हण, असं काहीतरी त्या डोळ्यांत होतं. नाही म्हटलं तर या पोरीला आजी मिळेल आणि बाप जाईल. कॅमेरा चालू होता. आजचं बोलणं उद्या सिंदेवाहीला, साधनाच्या भावांकडे पोचायला किती वेळ? आणि आपण अशा किती दिवस पुरणार आहोत? हे वय, ही बीपी. बाप तरणा आहे. पोरीला जन्म काढायचा आहे तो बापाबरोबर.

तिने माईक हाताने बाजूला सारला.

“आजींना बोलवत नाहीये,” निवेदिका हळव्या आवाजात म्हणाली, आणि त्यालाही टाळ्या पडल्या.

बाहेर पोर्चमध्ये नाश्ता मांडला होता. लोक निकेशभोवती जमले होते. कोणी पाठीवर हात ठेवत होतं, कोणी फोटो काढून घेत होतं. गर्दी थोडी पांगली तशी गुणाबाई त्याच्याजवळ गेली. दिव्यानी कोपऱ्यात चित्रकार मॅडमजवळ उभी आहे असं तिला वाटलं होतं.

“मले माफ केलास?” ती हलकेच म्हणाली.

“मंग काय बोलाचं होतं मायं तिथी?”

“तुले नाई ठाऊक काय बोलाचं होतं ते?”

निकेशने तिच्याकडे पाहिलं. त्याला खरोखरच काही कळत नव्हतं. “तूच तं सांगतलीस सर्वाइले. तू पाठवली नसतीस तं मी कायले गेलो असतो? साधनाले सोडून गेलो असतो का मी?”

लहानपणापासून खोटं बोलताना निकेश कान खाजवायचा. मारून मारूनही ती सवय गेली नव्हती. गुणाबाईने त्याच्या हातांकडे पाहिलं. एका हातात प्लेट होती, दुसऱ्यात समोसा. दोन्ही हात शांत होते. तो खोटं बोलत नव्हता. कधीतरी, या दोन वर्षांत, पानठेल्यावर नाहीतर चित्रकार मॅडमसमोर सांगता सांगता त्याला ते खरं वाटू लागलं होतं. घरी जाऊन त्याने गोळ्यांची पट्टी शोधली होती, हेही त्याला आता आठवत असेल. तलावाचा बांध, मोबाइल, तो खेळ, हे सगळं त्याच्या डोक्यातून निघून गेलं होतं. खरं ठाऊक असणारे जगात दोघं होते, त्यातली ती एकटी उरली.

“आजी.”

दिव्यानी मागेच उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे.

“खरंच तू टांगली होतीस भोंगा?”

गुणाबाईने निकेशकडे एकदा पाहिलं. तोही उत्तराची वाट पाहत होता, समोसा चावत.

“हो,” ती म्हणाली.

“काऊन?”

“माह्या गोळ्या राह्यल्या होत्या घरी. तुह्या बाबाले आनाले पाठवलो.”

पोरीने थोडा विचार केला. “मंग तू काऊन नाई गेलीस? तू गेली असतीस, बाबा तिथी राह्यला असता.”

दोन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. भावांनी नाही, गावाने नाही, प्रवीण सरांनाही सुचलं नव्हतं. गुणाबाईने ती गोष्ट मुलाला काठ्यांपासून वाचवण्यापुरती बनवली होती, नऊ वर्षांच्या पोरीसाठी नाही.

“समजलं नाई मले, बाई,” ती म्हणाली. “चुकलं माहं.”

दिव्यानी रडली नाही. तिने आजीकडे एकदा नीट पाहिलं, अनोळखी बाईकडे पाहावं तसं, आणि जाऊन बापाच्या शर्टाचं टोक धरलं. निकेशने प्लेट खाली ठेवली आणि तिला कडेवर उचललं. चौथीतली पोर, लांब लांब पाय खाली लोंबत होते. पण तिने त्याच्या मानेत तोंड घातलं आणि ते वर काढलं नाही.

परत सोडायला मॅडमनी गाडी दिली होती. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं तसं दिव्यानी बापाच्या कानात काहीतरी बोलली. निकेश तिला घेऊन पुढे, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

गुणाबाई मागे चढली. चित्रकार मॅडमनी भेटीची शाल आणि नारळ तिच्या शेजारी सीटवर ठेवला आणि दार लावताना प्रेमाने म्हणाल्या, “बरं झालं, मागे कोणी नाही. आता ऐसपैस बसा आजी, पाय पसरा.”